चिखलाचा लाडू

माझ्या बॉटनीच्या जर्नलला जपानचं कव्हर होतं. बाबा रसायनीच्या बाजूला ज्या कारखान्यात होते तिथे एक जपानी यंत्र होतं, आणि ते विकणारे लोक दर वर्षी एक कॅलेंडर पाठवायचे. मोठं, गुळगुळीत कागदाचं. महिना संपला की आई पान फाडून गादीखाली सपाट करून ठेवायची आणि जूनमध्ये त्या पानांची कव्हरं व्हायची. बाकीच्या मुलींच्या वह्या खाकी असायच्या, माझ्या वह्यांवर बर्फाचे डोंगर आणि लाल पूल.

शेवटच्या वर्षाच्या जर्नलवर आलेलं चित्र मात्र डोंगराचं नव्हतं. एका उथळ काचेच्या भांड्यात मातीचा गोळा होता, अर्धा पाण्यात आणि अर्धा वर. वरच्या भागावर शेवाळ, त्यातून निघालेली तीन-चार प्रकारची पानं, आणि एका बाजूला झुकलेलं एकच गवताचं पातं. काचेतून खालची मुळं दिसत होती. खाली जपानीत दोन ओळी होत्या, त्या आमच्या घरात कोणालाच वाचता येत नव्हत्या. अभ्यासाला बसले की मी आतलं वाचण्याऐवजी कव्हर बघत बसायचे. सेकंड क्लास मिळाला त्यात त्या चित्राचा वाटा असणार.

बी.एस्सी. झाले आणि घरी बसले. नवीन पनवेलमध्ये तेव्हा चार मजली इमारती होत्या, इमारतींच्या मध्ये मोकळे प्लॉट आणि प्लॉटांच्या पलीकडे भातशेती. बाबांनी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणून टीव्हीवर ठेवला होता. लेखी परीक्षेला मी घाबरत नव्हते. घाबरायचे ती नंतरच्या मुलाखतीला.

मला लोकांशी बोलायला जमायचं नाही. शाळेत इंग्रजीत बोलायचे ते कोणी विचारलं तरच, घरी मराठीत बोलायचे ते गरजेपुरतं. त्यातून मी एक युक्ती शोधली होती. कोणी काही विचारलं की हो म्हणायचं. नाही म्हटलं की का ते सांगावं लागतं. हो म्हटलं की माणसं पुढे जातात.

जुलैत एकदा कॉलेजातून जर्नल परत घेऊन येताना आईने सांगितलेलं कढीपत्त्याचं रोप घ्यायला मी पळस्पे फाट्याच्या अलीकडच्या एका नर्सरीत गेले. नर्सरी एका बाईंची होती. पन्नाशीच्या, साडीचा पदर खोचलेल्या, हाताला सतत माती. रोपाच्या पिशवीला गाठ मारता मारता त्यांची नजर माझ्या हातातल्या जर्नलवर गेली.

"हे काय आहे गं?"

"जर्नल."

"जर्नल दिसतंय मला. वरचं काय?"

"जपानी आहे. अर्धं पाण्यात ठेवतात."

त्यांनी हात पुसले आणि जर्नल उजेडात धरलं. बराच वेळ बघितलं.

"तुला येतं असं करायला?"

"हो," मी म्हटलं.

मग त्या बोलत राहिल्या आणि मी मान हलवत राहिले. हायवेवर एक नवं हॉटेल झालं होतं. रिसेप्शनला ठेवायला त्यांना काहीतरी वेगळं हवं होतं, रबर प्लांट बघून गिऱ्हाइकं कंटाळली होती म्हणे. "गणपती झाले की एक करून आण. माझ्या ह्या टेबलावर पंधरा दिवस जगलं, तर त्या हॉटेलसाठी आणखी दोन कर आणि तूही कामाला ये. मला बॉटनी शिकलेलं कोणीतरी हवंच आहे. चालेल?"

"हो."

घरी पोचले तेव्हा माझ्या लक्षात आलं की कढीपत्ता तिथेच राहिलाय.

"रोप आणायला गेलीस आणि नोकरी घेऊन आलीस," आई म्हणाली. "पोह्यात काय नोकरी घालू?"

बाबांना ते फारसं पटलं नाही, पण ते ओरडले नाहीत. "ठीक आहे. ते जमलं तर कर. नाही जमलं तर दिवाळीनंतर बँकेचा क्लास, आणि मुलाखतीची तयारी. मग तक्रार नको." मी हो म्हटलं. आता खरंच तो गोळा जगवावा लागणार होता आणि तो कसा करतात ते मला अजिबात माहीत नव्हतं. माझ्याकडे होतं ते फक्त कव्हर.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर श्रावणात मुलं गणपती करायला बसायची. पेणहून शाडूची माती यायची, थोडी नेहमीच उरायची. ती मी मागून नाही, कोणी नसताना उचलून आणली. शाडू मळायला इतका छान, की गोळा झाला तो चित्रातल्यापेक्षाही गोल. करडा, गुळगुळीत, एकही भेग नाही. आईने शोकेसमधला काचेचा बाऊल काढून दिला. तो तिच्या लग्नात आलेला होता आणि माझ्या आठवणीत त्यात कधी काही वाढलं गेलं नव्हतं. गोळ्यात मी मनीप्लँटची दोन टोकं आणि कुंडीतलं थोडं गवत खोचलं, पाणी ओतलं, आणि बाल्कनीत ठेवून झोपले.

सकाळी बाऊलमध्ये दूध होतं. निदान तसं दिसत होतं. मधोमध एक बसका ढीग आणि त्यावर आडवा झालेला मनीप्लँट.

आई चहाचा कप घेऊन बाल्कनीत आली, बघितलं आणि हसायला लागली. इतकी हसली की कप खाली ठेवावा लागला. "अगं, शाडू आहे तो! विरघळण्यासाठीच असतो. विसर्जन काय कधी बघितलं नाहीस?"

मी दरवर्षी बघत होते. गणपती पाण्यात गेला की दुसऱ्या दिवशी बादलीत तळाशी फक्त चिखल उरतो, तो आई तुळशीत घालते, हे सगळं मला माहीत होतं. तरी ते आणि हे एकच आहे असं माझ्या डोक्यात आलं नाही. मी त्या मातीकडे जपानच्या बाजूने बघत होते.

दुसऱ्यांदा मी हुशारी केली. जी माती रोज भरती-ओहोटीत राहूनही वाहून जात नाही ती विरघळणार नाही, असा विचार करून खाडीच्या काठावरून काळी, चिकट माती आणली. ती खरंच विरघळली नाही. तीन दिवस मी खूश होते. चौथ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या, आठव्या दिवशी सगळंच जळाल्यासारखं. गोळ्याच्या वरच्या भागावर पांढरट पापुद्रा धरला होता. बाबांनी फॉर्म टीव्हीवरून उचलून जेवायच्या टेबलावर ठेवला.

आमच्याकडे दर मंगळवारी उरणकडून एक कोळीण यायची. श्रावणात आई मासे घेत नसे, तरी ती यायची. टोपली खाली जिन्यात ठेवायची, वर येऊन उंबऱ्याशी टेकायची, पाणी प्यायची आणि इमारतीतल्या सगळ्या घरांची खबर सांगायची. आई तिला मावशी म्हणायची. मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. मी आतल्या खोलीतून ऐकायचे.

त्या मंगळवारी मी बाऊल धुवायला न्हाणीघरात नेत होते आणि मध्येच सापडले.

"काय गो बाय, ह्यो काय चिखलाचा लाडू?"

"जपानी लाडू आहे मावशी," आई म्हणाली. "त्याच्यावर आमच्या मुलीची नोकरी आहे."

"लाडवावर?" मावशीने मला हाताने जवळ बोलावलं. गोळ्याला बोट लावलं आणि सरळ जिभेला लावलं. मी बघतच राहिले. तीन वर्षं बॉटनी शिकून मला मातीची चव घ्यायचं सुचलं नव्हतं. "खारी हाय गो! खाडीच्या मातीन तू झाडं लावतंस? हिच्यात तिवरं लाव, नायतर मीठ पिकव."

आई परत हसायला लागली. मला आत जावंसं वाटलं. पण बाऊल जड होता, आणि टेबलावर फॉर्म होता.

"मग कुठली आणू?" मी विचारलं.

"भाताची आन. शेतातली. आनि नुस्ती ठेवशील तर पसरंल. तिला धरून ठेवाया जालं पायजे." तिने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून दाखवली. "आमचं जुनं जालं हाय. पुनवेला होड्या निघतील, तवा फाटकं कापून टाकतात. त्यातलं आनते मी हातभर. दर मंगलवारी येते, इचारलं का नाय?"

पुढच्या मंगळवारी तिने खरंच जाळ्याचा तुकडा आणला. निळ्या नायलॉनचा, बारीक डोळ्यांचा, माशांचा वास येणारा. आईने तो उंबऱ्याच्या आत घेऊ दिला नाही. "श्रावण संपेपर्यंत बाहेर," म्हणाली. मी तो दोनदा साबणाने धुतला आणि बाल्कनीच्या बाहेरच्या दोरीवर वाळत घातला.

माती आणायला मी विचुंब्याच्या बाजूला गेले. जाताना मनात वाक्य तयार केलं होतं, आधी इंग्रजीत आणि मग त्याचं मराठी. शेतात एक म्हातारी बाई कमरेत वाकून भातातलं तण उपटत होती. मी बांधावर उभी राहिले. ती बघेल, मग मी बोलेन, असं ठरवून बराच वेळ उभी राहिले. वाक्य विसरून गेले.

शेवटी तीच सरळ झाली. "काय पायजे?"

"माती."

"काय?"

"माती हवी होती. एवढीशी." मी हातातली दुधाची पिशवी दाखवली.

तिने पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या मागच्या इमारतींकडे बघितलं. "जमीन मागाया समदे येतात," ती म्हणाली. "गाडी घेऊन येतात, नकाशे घेऊन येतात. पिशवी घेऊन तूच पयली." आणि मोठ्याने हसली. मला काय करावं कळेना म्हणून मीही हसले. तिने वाकून दोन ओंजळी चिखल पिशवीत भरला. मग तिने उपटून बांधावर टाकलेल्या तणाच्या ढिगाकडे माझं लक्ष गेलं. त्यात माका होता, त्याची पांढरी बटणासारखी फुलं मी ओळखली. ब्राह्मी होती, जाड छोट्या पानांची. दोन्ही जर्नलमध्ये मी लॅटिन नावांसकट काढली होती, वाळवून चिकटवलीही होती. ती अशी अर्धी पाण्यात राहतात हे मी स्वतः लिहिलं होतं.

"हे घेऊ?"

"तन? सगलं ने. उपटून कंबर मोडली माजी."

यावेळी मी घाई केली नाही. मातीत नारळाचा काथ्या बारीक तोडून मिसळला. गोळा केला, भोवती जाळं घट्ट ओढलं आणि खाली गाठ मारली. जाळ्याच्या डोळ्यांतून पेन्सिलीने भोकं पाडून ब्राह्मी आणि माका लावला. गच्चीच्या कठड्यावरचं शेवाळ सुरीने सोलून आणलं, ते वर बसवलं. बाऊलमध्ये अर्ध्यापर्यंत पाणी. आईने एकच अट घातली, की पाणी दर तिसऱ्या दिवशी बदलायचं, डास झाले तर बाऊल शोकेसमध्ये परत जाईल.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही, आणि काहीच न होणं ही मला मोठी गोष्ट वाटत होती. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पाणी बदलताना मला खाली जाळ्याच्या निळ्या डोळ्यांतून पांढरे दोरे लोंबताना दिसले. मी आधी ते काथ्याचे धागे समजले. मग जवळून बघितलं. मुळं होती. आईला हाक मारली, तिने पिठाचे हात मागे धरून वाकून बघितलं आणि म्हणाली, "आलं की गं." बाबा ऑफिसातून आल्यावर त्यांनीही बघितलं. चष्मा काढून, पुसून, परत लावून.

गणपती झाल्यावर मी बाऊल मांडीवर घेऊन रिक्षाने नर्सरीत गेले. बाईंनी टेबलावरची पावतीपुस्तकं बाजूला सारून त्याला जागा केली. "चित्रातल्यासारखं नाहीये," म्हणाल्या. मग वाकून बघत, "पण बरं दिसतंय. पंधरा दिवस हं."

दर तिसऱ्या दिवशी मी पाणी बदलायला जायचे. नर्सरीचं ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली. एक खिडकी होती, तिच्यासमोर खताच्या गोण्या रचलेल्या. बाहेरून हिरवी जाळी. पहिल्याच खेपेला मला दिसलं की सगळी पानं दाराकडे वळलीत. मी बाऊल अर्धा फिरवून ठेवला. पुढच्या खेपेला खालची माक्याची पानं पिवळी. बाई बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होत्या. मी ती पानं खुडली आणि पर्समध्ये टाकली.

त्यानंतर दर खेपेला मी तेच केलं. पाणी बदलायचं, बाऊल फिरवायचा, पिवळं खुडायचं, पर्स बंद करायची. गोळा विरळ होत होता, पण जे होतं ते हिरवं होतं. माझा हिशोब सोपा होता. अशा रीतीने पंधरा दिवस निघाले असते.

बाराव्या दिवशी बाई खुशीत होत्या. "तीनच दिवस राहिले. मी हॉटेलवाल्यांना सांगूनही टाकलं. काल जागा बघून आले, एकदम मस्त. एसी, दिवसाही दिवे लावलेले, ऊन म्हणून कुठून येत नाही. तुझं पाणी गार राहील."

माझ्या हातात पाण्याचा मग होता. मला फक्त हो म्हणायचं होतं. सोमवारपासून मी कामाला लागले असते, बाबांनी फॉर्म उचलला असता. हॉटेलमधले दोन्ही गोळे महिन्याभरात मेले असते, पण तोपर्यंत महिना झाला असता.

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही?"

"तिथे नाही जगणार. ऊन नाही. इथेही जगत नाहीये."

"अगं, जगतंय की! हे काय समोर."

मी पर्स उघडली आणि आतली पानं टेबलावर काढून ठेवली. काही वाळून चुरा झाली होती, तो चुरासुद्धा ठेवला. बाईंनी एक पान उचलून उजेडाकडे धरलं, जसं जर्नल धरलं होतं तसं.

"कधीपासून काढतेयस?"

"सहाव्या दिवसापासून."

त्यांनी पान परत टेबलावर ठेवलं. मला वाटलं आता बाऊल उचलावा आणि जावं. पण नाही म्हटलं की का ते सांगावं लागतं, आणि ते माझं अजून सांगून झालं नव्हतं. मी सांगितलं. ही उन्हातली झाडं आहेत, शेतातली. आत चार दिवस राहतील, पाचव्या दिवशी त्यांना बाहेर काढायला हवं. म्हणून दोन जागांना दोन गोळे पुरणार नाहीत, निदान चार हवेत. दोन आत, दोन बाहेर उन्हात, आणि अदलाबदल करत राहायचं. माका काढून टाकायचा, तो आत लवकर कंटाळतो. ब्राह्मी टिकते. शेवाळाला वरून पाणी मारावं लागेल. आयुष्यात मी एका दमात इतकं मराठी कधी बोलले नव्हते.

"आणि ही अदलाबदल करायला हॉटेलात कोण जाणार?"

"मी."

"एकटी? त्या मॅनेजरशी बोलावं लागेल. कटकट्या आहे."

"हो," मी म्हटलं. ह्या वेळी ते मी विचार करून म्हटलं होतं.

बाई उठल्या. खिडकीपाशी गेल्या आणि खताच्या वरच्या गोणीला हात घातला. "बघतेस काय, धर तिकडून." आम्ही दोघींनी चार गोण्या खाली उतरवल्या. टेबलावर उजेडाचा एक पट्टा आला. त्यांनी बाऊल त्यात सरकवला.

"पंधरा दिवस टेबलावर जगलं तर, असं मी म्हटलं होतं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "ते काही जगलं नाही. पण झाड मेल्यावर कारणं सांगणारे मला ढिगाने भेटलेत. आधी कोणी सांगत नाही. तूसुद्धा सहा दिवस लावलेस. पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी सांगायचं. सोमवारी ये. आणि तो तुमचा कढीपत्ता ने बाई आता, दोन महिने मी पाणी घालतेय त्याला."

कढीपत्ता वीतभर वाढला होता. आईने त्या संध्याकाळी पोहे केले. बाबांनी टेबलावरचा फॉर्म उचलून कपाटाच्या खणात ठेवला. फाडला नाही. पण पुन्हा काढलाही नाही.

रविवारी मी चार गोळ्यांची माती आणायला विचुंब्याला गेले. भात निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या, शेतातलं पाणी उतरलं होतं, पण चिखल अजून मऊ होता. म्हातारीने मला लांबूनच ओळखलं. या वेळी मी आधी हाक मारली. "आजी, माती पाहिजे होती."

"आता गोन आनलीस?" ती माझ्या हाताकडे बघत म्हणाली. "पयले पिशवी, मग गोन. उद्या नकाशा आनशील."

"नाही आणणार. झाडं जगली, ते सांगायला आले."

"तन जगलं? त्याला काय मरन हाय?" ती हसली आणि परत वाकली. मी गोणी पुढे करून बांधावर उभी राहिले. तिने मान वर न करता म्हटलं, "माजी कंबर गेली. चपला काड नि उतर. तुजी माती तू घे."

मी चपला काढल्या, बांधावर शेजारी शेजारी ठेवल्या, सलवार वर खोचली आणि उतरले. चिखल घोट्यापर्यंत आला, कोमट होता.